घराच्या छपरावरचें ऊन आणि घरांतील वीजबिल

गेल्या वर्षीं पालकसभेच्या दिवशीं एक गृहस्थ आमच्या विज्ञानाच्या वर्गांत आले. मुलाच्या प्रगतिपुस्तकाविषयीं दोन शब्द बोलून झाल्यावर त्यांनीं खिशांतून घडी घातलेलें वीजबिल काढिलें, तें बाकावर पसरिलें आणि विचारिलें, “सर, घरावर सोलर बसवूं का? बसवून देणारा म्हणतो, पांच किलोवॉट बसवा, बिल शून्य होईल. बँकेचें कर्जही मिळवून देतो. तुम्ही मुलांना वीज शिकवितां, म्हणून तुम्हांला विचारतों.”

प्रश्न सरळ होता. परंतु त्याचें उत्तर आम्हांस एका वाक्यांत देतां आलें नाहीं. महिन्यास किती युनिटें जळतात असें आम्हीं उलट विचारिलें, तेव्हां त्यांस रुपये तोंडपाठ होते, युनिटें ठाऊक नव्हतीं. दोष त्यांचा एकट्याचा नव्हे. दुधाचे लिटर आणि धान्याचे किलो मोजून घेणारा चोखंदळ संसारी मनुष्यही विजेच्या बाबतींत केवळ खालची बेरीज पाहून पैसे भरतो. त्या दिवशीं आम्ही दोघे बाकावर बसून जो हिशेब करूं लागलों, तोच येथें जरा विस्तारानें मांडीत आहों. आमच्या विद्यार्थ्यांस त्यांत थोडें पदार्थविज्ञान व बरेंचसें अंकगणित सांपडेल. पालकांस कदाचित् कांहीं हजार रुपये वांचविण्याची वाट सांपडेल.

प्रथम युनिट म्हणजे काय तें पाहूं. एक हजार वॉटचें उपकरण एक तास चाललें म्हणजे एक युनिट वीज खर्च होते. ९ वॉटचा एलईडी दिवा एक युनिट संपवावयास एकशें दहा तासांहून अधिक घेतो. जुना ७५ वॉटचा छताचा पंखा तेरा तासांत तें संपवितो. आणि न्हाणीघरांतील दोन हजार वॉटचा गीझर अवघ्या अर्ध्या तासांत त्याचा फन्ना उडवितो. मुलगा दिवा मालवावयास विसरला म्हणून त्याजवर रागावणारे वडील स्वतः गीझर चालू ठेवून दाढी करीत बसतात, हें आम्हीं पाहिलें आहे.

येथेंच एक गैरसमज दूर करणें बरें. पुण्यांत, नाशकांत, कोल्हापुरांत कित्येक गच्च्यांवर पाणी तापविण्याचे सौर बंब पुष्कळ वर्षांपासून दिसतात. त्यांत सूर्याची उष्णता सरळ पाण्यास दिली जाते. वीज तेथें मुळींच उत्पन्न होत नाहीं. आपला विषय निराळा आहे. सौर पॅनेलांत उन्हाच्या उष्णतेचा उपयोग होत नसून प्रकाशाचा होतो. किंबहुना उष्णता ही पॅनेलाची वैरीणच आहे, तें पुढें दिसेल.

प्रकाशापासून विजेचा प्रवाह उत्पन्न होऊं शकतो, हें फ्रेंच शास्त्रज्ञ एडमंड बेकरेल ह्यानें १८३९ सालीं प्रथम पाहिलें. त्या वेळीं त्याचें वय अवघें एकोणीस वर्षांचें होतें. ह्या शोधाचा घरगुती उपयोग व्हावयास मात्र शतकाहून अधिक काळ लागला. १९५४ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत चेपिन, फुलर आणि पिअर्सन ह्या तिघांनीं सिलिकॉनचा असा घट बनविला कीं, त्याजवर पडणाऱ्या प्रकाशशक्तीचा सुमारें सहा टक्के भाग विजेच्या रूपानें हातीं येई. तो इतका महाग होता कीं घरावर बसविण्याचा विचारही कोणास शिवला नाहीं. १९५८ सालीं आकाशांत सोडलेल्या व्हॅन्गार्ड नांवाच्या लहानशा उपग्रहावर तो कामास आला. आज बाजारांत मिळणारीं चांगलीं पॅनेलें वीस टक्क्यांहून थोडें अधिक काम देतात, आणि गेल्या दोन दशकांत त्यांची किंमत नव्वद टक्क्यांहूनही अधिक उतरली. घरोघरचीं माणसें आज ह्या गोष्टीची चौकशी करूं लागलीं, त्याचें मुख्य कारण ही उतरलेली किंमतच होय.

पॅनेलाच्या पोटांत काय चालतें? सिलिकॉन हें मूलद्रव्य वाळूंतून काढितात. त्याच्या अणूच्या बाहेरच्या कवचांत चार इलेक्ट्रॉन असतात. शुद्ध सिलिकॉनच्या पातळ चकतीच्या एका अंगास फॉस्फरसचा अत्यल्प अंश मिसळितात. फॉस्फरसजवळ असे पांच इलेक्ट्रॉन असल्यामुळें तेथें इलेक्ट्रॉन अधिक होतात. दुसऱ्या अंगास बोरॉन मिसळितात; त्याजवळ तीनच असल्यामुळें तेथें उणीव राहते. दोन्ही अंगें जेथें मिळतात तेथें विजेचा एक अदृश्य उतार तयार होतो. प्रकाशाचा कण आंत शिरून एखाद्या इलेक्ट्रॉनास धक्का देऊन मोकळा करितो, आणि तो ह्या उतारावरून एकाच दिशेनें घरंगळतो. बाहेरून तार जोडली कीं प्रवाह सुरू झाला. ह्यांत कांहीं फिरत नाहीं, जळत नाहीं, आवाज होत नाहीं. हा प्रवाह एकदिश असतो, आणि आपले पंखे व दिवे चालतात २३० व्होल्टच्या, सेकंदास १०० वेळां दिशा बदलणाऱ्या प्रवाहावर. म्हणून मध्यें इन्व्हर्टर नांवाची पेटी बसवून एकाचें दुसऱ्यांत रूपांतर करावें लागतें.

आतां प्रमाण पाहूं. स्वच्छ आकाशांत भर दुपारीं सूर्याकडे तोंड केलेल्या एक चौरस मीटर जागेवर सुमारें एक हजार वॉट प्रकाशशक्ति पडते. एक किलोवॉटचीं पॅनेलें बसवावयास सुमारें शंभर चौरस फूट मोकळी जागा धरावी. महाराष्ट्रांत वर्षाची सरासरी काढिली तर एका किलोवॉटपासून दिवसास चार युनिटांच्या आसपास वीज मिळते. ती रोज सारखी मिळत नाहीं. आषाढ-श्रावणांत आठ आठ दिवस सूर्यदर्शन होत नाहीं, तेव्हां उत्पन्न निम्म्याहूनही खालीं येतें. आणि मे महिन्यांत, ऊन सर्वांत कडक असतांना, विद्यार्थ्यांस वाटेल कीं उत्पन्नही सर्वाधिक असावें. तसेंही होत नाहीं. पॅनेलाच्या अंगावर लिहिलेली शक्ति ही त्याचा घट २५ अंश सेल्सियसवर असतांनाची असते. त्यापुढें प्रत्येक अंशास ती सुमारें एक-तृतीयांश टक्का घटते. विदर्भांतील वैशाखांत गच्चीवरचा घट ६५ अंशांपर्यंत तापला, तर चाळीस अंशांच्या वाढीनें सुमारें तेरा टक्के शक्ति गेलीच म्हणून समजावें. म्हणूनच पॅनेलें पत्र्यावर चिकटवून न बसवितां खालून वारा खेळेल अशीं उंच बसवितात. हिशेबापुरतें आपण दर किलोवॉटमागें महिन्यास सरासरी ११० युनिटें धरूं. अधिक धरणारा विक्रेता भेटल्यास त्यास पावसाळ्याची आठवण करून द्यावी.

परंतु खरी अडचण पुढेंच आहे. सूर्य वीज देतो ती सकाळीं नऊपासून दुपारीं चारपर्यंत. त्या वेळीं मुलें शाळेंत आणि मोठीं माणसें कामावर. घरांत विजेची निकड लागते ती पहांटे आणि रात्रीं. दुपारची वीज रात्रीपर्यंत ठेवावी कोठें? बॅटरींत ठेवितां येते, पण ती महाग, आणि कांहीं वर्षांनीं बदलावी लागते. म्हणून शहरांतून व मोठ्या गांवांतून दुसरी युक्ति रूढ झाली, तिला नेट मीटरिंग म्हणतात. घरीं असें मीटर बसवितात कीं जें बाहेरून आलेलीं युनिटें निराळीं मोजतें आणि आपण बाहेर पाठविलेलीं निराळीं मोजतें. दुपारीं उरलेली वीज तारेंतून बाहेर जाते व शेजारच्या घरीं, दुकानीं जळते. रात्रीं आपण तारेंतून घेतों. महिन्याच्या शेवटीं वजाबाकी होते. बँकेच्या पासबुकाप्रमाणेंच हें समजावें: दुपारीं जमा, रात्रीं खर्च. एका महिन्यांतील शिल्लक पुढच्या महिन्यास ओढली जाते.

ह्या पासबुकाचे नियम मात्र बँकेहून थोडे निराळे आहेत. महाराष्ट्रांत ते राज्याच्या विद्युत नियामक आयोगानें घालून दिले. छपरावरील विजेसंबंधीं त्यानें २०१९ सालीं विस्तृत विनियम काढिले. आर्थिक वर्षाच्या अखेरीस, म्हणजे ३१ मार्च रोजीं, उरलेल्या शिलकीचा निकाल लागतो. तिचें मूल्य मिळतें तें आपण ज्या दरानें वीज विकत घेतों त्याहून पुष्कळ कमी दरानें. हिवाळ्यांत आकाश निरभ्र आणि पंखे बंद, तेव्हां शिल्लक सांचते. पण ती उन्हाळ्यांत वापरावी म्हटलें, तर एप्रिल उजाडण्यापूर्वींच खातें मिटलेलें असतें. शिवाय असे नियम कोठेंही कायमचे नसतात. परदेशचें एक उदाहरण देतों. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यांत लक्षावधि घरांवर पॅनेलें चढलीं तीं जवळजवळ अशाच बरोबरीच्या वजाबाकीवर. परंतु एप्रिल २०२३ च्या मध्यापासून नव्यानें अर्ज करणारांस बाहेर पाठविलेल्या विजेचें मूल्य पूर्वीच्या मानानें बरेंच कमी मिळूं लागलें. आधीं अर्ज केलेल्यांस वीस वर्षें जुना नियम लागू राहिला. तेव्हां अर्ज करण्यापूर्वीं त्या दिवशींचा नियम वाचावा. शेजाऱ्यास तीन वर्षांपूर्वीं काय मिळालें ह्यावर विसंबूं नये.

आणखी एक गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते व ठाऊक झाल्यावर मनस्वी राग येतो. रस्त्यावरची वीज गेली कीं बॅटरीवांचूनचा साधा सौर संचही बंद पडतो, मग डोक्यावर सूर्य तळपत असला तरी! ह्यांत फसवणूक नाहीं. तारेंतून वीज गेली असतां वायरमन खांबावर चढून काम करितो. त्या वेळीं एखाद्या घराच्या गच्चीवरून तारेंत वीज शिरली, तर तो मनुष्य जिवास मुकेल. म्हणून बाहेरचा प्रवाह थांबतांच इन्व्हर्टरानेंही थांबावें, अशीच त्याची रचना असते. आमच्या ओळखीच्या एका बाईंनीं ह्याच आशेनें पैसे घातले होते कीं परीक्षेच्या दिवसांत मुलीचा दिवा जाणार नाहीं. पहिल्याच वादळी संध्याकाळीं घर अंधारांत बुडालें. बसविणारानें आधीं दोन वाक्यें सांगितलीं असतीं तर त्यांनीं एक लहान बॅटरी निराळी घेतली असती, किंवा ते पैसे तरी वांचविले असते.

आतां त्या गृहस्थांच्या बिलाकडे वळूं. त्यांच्या घरीं महिन्यास सरासरी २५० युनिटें लागत. बिलावर ‘स्थिर आकार’, ‘वीज आकार’, ‘वहन आकार’, ‘वीज शुल्क’ असे रकाने असतात. ह्यांपैकीं स्थिर आकार हा एकही युनिट न जाळतां द्यावाच लागतो. म्हणून ‘बिल शून्य’ हें बोलणें शब्दशः खरें नव्हे. बाकीचें बहुतेक युनिटांवर अवलंबून, आणि तेंही चढत्या पायऱ्यांनीं: पहिल्या शंभर युनिटांचा दर कमी, पुढील दोनशेंचा बराच अधिक, त्यापुढें आणखी अधिक. हिशेब सोपा व्हावा म्हणून पहिल्या पायरीस ६ रुपये आणि दुसरीस १२ रुपये असा दर आपण धरूं, आणि संच बसविण्याचा खर्च दर किलोवॉटास ६५,००० रुपये धरूं. वाचकांनीं आपल्या बिलांतले आणि आपल्या गांवचे खरे आंकडे घालून हाच हिशेब पुन्हां करावा.

२५० युनिटांचे झाले पहिल्या शंभरांचे ६०० आणि पुढच्या दीडशेंचे १,८००, मिळून २,४०० रुपये. दोन किलोवॉटचा संच बसविला तर सरासरी २२० युनिटें घरचीं. विकत घ्यावीं लागतील तीं ३०, त्यांचे १८० रुपये. महिन्यास २,२२० रुपये वांचले, वर्षास २६,६४०.

खर्चाची बाजू पाहतां सरकारी मदत लक्षांत घेतली पाहिजे. १३ फेब्रुवारी २०२४ रोजीं केंद्र सरकारनें ‘पीएम सूर्यघर: मुफ्त बिजली योजना’ जाहीर केली, एक कोटि घरें हें तिचें उद्दिष्ट आणि ७५,०२१ कोटि रुपये ही तिच्यासाठीं मंजूर झालेली रक्कम. तीत अनुदान ठरलें तें असें: एका किलोवॉटास ३०,००० रुपये, दोन किलोवॉटांस ६०,०००, आणि तीन अथवा त्याहून कितीही मोठ्या संचास ७८,०००. ह्या शेवटच्या शब्दांकडे नीट लक्ष द्यावें. अनुदान तीन किलोवॉटांपाशीं थांबतें. शिवाय तें संच चालू होऊन तपासणी झाल्यावर ग्राहकाच्या बँकखात्यांत जमा होतें, म्हणजे सगळी रक्कम प्रथम आपणच उभी करावयाची असते. आणि घट व पॅनेल दोन्ही भारतांत बनलेलीं असावीं लागतात.

तर दोन किलोवॉटास १,३०,००० रुपये, त्यांतून ६०,००० वजा, राहिले ७०,०००. वर्षास २६,६४० वांचतात, म्हणजे व्याज सोडून अडीच वर्षांहून थोड्या अधिक काळांत पैसे फिटले. चांगलें पॅनेल पंचवीस वर्षें टिकावें आणि त्या अखेरीस मूळच्या सुमारें ऐंशी टक्के शक्ति देत असावें, अशी हमी सामान्यतः बनविणारे देतात. इन्व्हर्टर मात्र त्याआधीं एकदां तरी बदलावा लागेल, तो खर्च मनांत धरावा. इतकें करूनही व्यवहार उत्तम आहे ह्यांत शंका नाहीं.

आतां विक्रेत्याच्या सल्ल्याप्रमाणें पांच किलोवॉट बसवून पाहूं. खर्च ३,२५,०००, अनुदान तेंच ७८,०००, पदरचे गेले २,४७,०००. महिन्यास ५५० युनिटें उत्पन्न, घरची गरज २५०. बचत किती? संपूर्ण २,४०० रुपये, त्याहून अधिक नाहीं, कारण बिलच तेवढें होतें. म्हणजे दोन किलोवॉटच्या संचाहून १,७७,००० रुपये अधिक घालून महिन्यास वाढली ती बचत अवघी १८० रुपयांची! ह्या वाढीव पैशांची फेड नुसत्या ह्या बचतींतून व्हावयाची झाल्यास ब्याऐंशीं वर्षें लागतील. वर्षाअखेरीस उरलेल्या ३,६०० युनिटांस अडीच रुपयांप्रमाणें ९,००० रुपये मिळाले असें जरी मानिलें, तरी वाढीव खर्च निघावयास सोळा वर्षें हवींत. मोठ्या संचास दर किलोवॉटमागें कांहीं सूट मिळते, ती आम्हीं सोडून दिली आहे. पण ती धरूनही चित्र फारसें पालटत नाहीं. शिवाय घराच्या मंजूर भाराहून मोठा संच बसवावयाचा तर तो भार वाढवावा लागतो. मग स्थिर आकारही वाढूं शकतो. बुरूज बांधण्यापूर्वीं खालीं बसून खर्च मोजणाऱ्या मनुष्याचा दृष्टांत आमच्या वाचकांनीं प्रार्थनेच्या तासास अनेकदां ऐकिला आहे. गच्चीवरच्या बुरुजासही तो तितकाच लागू पडतो.

पैकीं ज्याच्या घरीं महिन्यास ८० युनिटेंच लागतात, त्याचें काय? त्याचें बिल आपल्या दरानें ४८० रुपये. एका किलोवॉटास अनुदान जाऊन ३५,००० रुपये पडले, वर्षास फार तर ५,७६० वांचले. फेड सहा वर्षांनीं. तोटा नाहीं, पण हात आंखडता असलेल्या माणसानें कर्ज काढून घाई करावी असेंही नाहीं. विपरीत आहे खरें, परंतु जो अधिक वीज जाळतो त्याचे पैसे लवकर सुटतात, आणि जो काटकसरीनें राहतो त्याचे उशिरां.

तरीही काटकसर आधीं आणि पॅनेल मागून, असेंच आम्ही म्हणूं. आणि तें उपदेशासाठीं नव्हे, हिशेबासाठीं. त्याच गृहस्थांच्या घरीं ७५ वॉटचे चार जुने पंखे रोज दहा दहा तास फिरत: दिवसास तीन युनिटें, महिन्यास ९०. आतां मिळणारे ३० वॉटच्या आसपासचे नवे पंखे लाविले तर महिन्यास ३६ युनिटें पुरतात. ५४ युनिटें वांचलीं, म्हणजे गच्चीवर एक खिळाही न ठोकतां अर्धा किलोवॉट हातीं आला. आणि तीं ५४ युनिटें वरच्या, बारा रुपयांच्या पायरीवरचीं. महिन्यास ६४८ रुपये. घराचा वापर असा खालीं आणल्यावर मगच किती किलोवॉट हवा हें ठरवावें.

ठरल्यावर छपराकडे पाहावें. आपला देश विषुववृत्ताच्या उत्तरेस असल्यामुळें पॅनेलांचीं तोंडें दक्षिणेकडे करितात आणि त्यांस साधारणपणें गांवच्या अक्षांशाइतका कल देतात; पुण्यास साडेअठरा अंश, नागपुरास एकवीस. दोन मीटर लांबीचें पॅनेल साडेअठरा अंशांत उभें करावयाचें तर त्याची मागची कड किती उचलावी, हें दहावीच्या मुलांनीं त्रिकोणमितीनें काढून पाहावें; उत्तर सुमारें ६३ सेंटिमीटर यावें. सांवलीकडे विशेष लक्ष हवें. पॅनेलांतील घट माळेसारखे एकापुढें एक जोडलेले असतात, त्यामुळें एका घटावर टांकीची वा नारळाच्या झावळीची सांवली पडली, तर नळीस एके ठिकाणीं पिळा पडल्याप्रमाणें सगळ्या रांगेचा प्रवाह आटतो. ह्यावर उपाय म्हणून आंत आडवाटा ठेविलेल्या असतात, तरी नुकसान व्हावयाचें तें होतेंच. हिवाळ्यांत सांवल्या लांबतात; म्हणून डिसेंबरांतील एका सुटीच्या दिवशीं सकाळीं नऊ, दुपारीं बारा व तीन वाजतां गच्चीवर खडूनें सांवलीच्या कडा आंखून घ्याव्या. हें काम मुलांनीं करावें. कोणत्याही विक्रेत्याहून तीं तें अधिक प्रामाणिकपणें करितात. कोणी म्हणेल, अंगणांतला आंबाच तोडूं. तसें करूं नये. तोच आंबा भिंतींवर सांवली धरून उन्हाळ्यांत पंख्याचें काम हलकें करीत असतो.

कोंकणांतील पालकांनीं वाऱ्याचा विचार अवश्य करावा. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलें, तेव्हां पत्रे पतंगासारखे उडाले होते. पॅनेल म्हणजे वाऱ्यापुढें धरलेलें शीडच. त्याचा सांगाडा जस्तलेपी लोखंडाचा अथवा ॲल्युमिनियमचा असावा, कौलारू घरांत तो कौलांवर न टेकवितां खालच्या वाशांस व भिंतींस नीट जखडलेला असावा. सिमेंटचे जुने पत्रे तर माणसाच्या वजनानेंही फुटतात, त्यांवर हा भार घालण्यापूर्वीं जाणत्या गवंड्यास दाखवावें. अर्थिंग आणि वीजरोधक ह्यांत कसर करूं नये. धुळीचा थर बसला कीं उत्पन्न घटतें, म्हणून पंधरवड्यानें पॅनेलें साध्या पाण्यानें धुवावीं, पण सकाळीं. दुपारीं तापलेल्या कांचेवर थंड पाणी ओतूं नये.

आणि ज्यांस स्वतःचें छप्पर नाहीं त्यांचें काय? आमच्या शाळेंतील निम्मीं मुलें तरी भाड्याच्या खोल्यांत अथवा सदनिकांत राहतात. भाडेकरूस दुसऱ्याच्या गच्चीवर पंचवीस वर्षांची वस्तु बसवितां येत नाहीं. त्याच्या हातीं पंखे आणि दिवे बदलणें एवढेंच राहतें. गृहनिर्माण संस्थांस मात्र वाट आहे. पाण्याचा पंप, लिफ्ट, जिन्यांतील दिवे ह्यांचें सामाइक बिल सर्वांवर वांटलें जातें, आणि त्या सामाइक वापरासाठीं वर सांगितलेल्या योजनेंत दर किलोवॉटास १८,००० रुपये अनुदान ठरलें होतें. अडचण पैशाची नसते इतकी एकमताची असते. वरच्या मजल्यावरचे म्हणतात गच्ची आमच्या डोक्यावर, खालचे म्हणतात लिफ्ट आम्ही वापरीत नाहीं. आणि एका चांगल्या कामास तीन सभा पुरत नाहींत.

त्या गृहस्थांचें पुढें काय झालें तें सांगितलें पाहिजे. त्यांनीं लगेच कांहींच केलें नाहीं. मुलास एक वही दिली. तो रोज सकाळीं सातला, दुपारीं शाळेंतून आल्यावर आणि रात्रीं निजतांना मीटर वाचून आंकडा लिहूं लागला. महिन्याभरांत त्यास कळलें कीं घरांतील एक-पंचमांश वीज एकटा गीझर खातो. तेव्हां पंखे बदलले, गीझराची वेळ बांधली, आणि दिवाळीनंतर दोन किलोवॉटचा संच बसला, तोही निम्म्या कर्जावर. वही अजून चालू आहे. फक्त आतां तींत दोन रकाने आहेत, आलेल्या युनिटांचा आणि गेलेल्या. यंदाच्या जुलैंत एका संततधारेच्या आठवड्यांत गेलेल्यांच्या रकान्यांत सलग चार दिवस शून्य पाहून तो मुलगा कष्टी होऊन आमच्याकडे आला होता. आम्हीं त्यास मार्चचें पान उलटून दाखविलें.